टोपलीखालचं पाऊल

ती टोपली मी हलवली होती. हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मायच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसलो तेव्हा नाही, आणि ज्याला ते सांगायला हवं होतं त्या थावराजवळ तर नाहीच. थावरा जाऊन आता दोन महिने होत आले. पोळा होऊन गेला होता, पावसाने उघडीप दिली होती आणि आमच्या न्याय पंचायतीची बैठक शाळेच्या पडवीत भरली होती. मी तिथला एक पंच. कोणाच्या म्हशीने कोणाची तूर खाल्ली, असा वाद पुढ्यात होता. तेवढ्यात तांड्यातला एक जण सायकल भिंतीला टेकवून पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, "थावराभाऊ गेला. यवतमाळच्या दवाखान्यात. पाय सडला, त्याच्यातच गेला." मग आमच्यातले वयस्कर पंच चष्मा पुसत म्हणाले, "सुटला बिचारा... हं, म्हशीचं काय म्हनत होता तुम्ही?" आणि मी, न्याय करायला बसलेला माणूस, म्हशीकडे वळलो.

थावरा बंजारा. घाटंजीच्या अलीकडे आमचं गाव आणि गावापासून हाकेच्या अंतरावर त्यांचा तांडा. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेला. बापाच्या वेळेपासून ते जमिनीला टेकले, कापूस-तूर काढू लागले. आमचं घर गावच्या पाटलाचं. पण शाळेच्या दोन इयत्ता आम्ही एका पाटावर बसून काढल्या आणि वाघाडीच्या डोहात पोहायला मला त्यानेच शिकवलं. "पाटलाचा पोरगा अन् पान्यात पडला का म्हशीवानी फुसफुसते," असं तो चारचौघांत सांगायचा. बैलाचं दुखणं त्याला पटकन कळे. बैलाच्या कानाला हात लावून तो असा उभा राही, जसा एखादा दुसऱ्याच्या दुःखाची बातमी ऐकत असावा. बोलका होता, टवाळ होता, आणि मी लहानपणापासून घुम्या. "अबे देवा," देवरावचा देवा करून तो म्हणायचा, "तुह्या तोंडाले कुलूप कोनं लावलं बे? निदान किल्ली तरी माह्याजवळ ठेव." ... किल्ली मी त्याला कधी दिली नाही.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या, छप्पन सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. शामरावांचं शेत आमच्या शेताला लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, त्यांचं आणि माझा थोरला भाऊ गणपतदादाचं वैर जुनं होतं. दर उन्हाळ्यात नांगराचं एकेक तास इकडून तिकडे सरके आणि दर पावसाळ्यात काठ्या निघत. त्या वर्षी शामरावांचा कापूस चांगला आला होता. वेचलेल्या कापसाची गंजी शेतातच लागली होती आणि राखायला कोंडबा नावाचा म्हातारा तिथेच राही. एका पहाटे गंजी पेटली. आम्ही धावत पोचलो तेव्हा धुराने दिसत नव्हतं. गंजीच्या कडेला कोंडबा पालथा पडला होता. डोकं मागून फुटलेलं, मेंदूत माती गेलेली, आणि जळत्या कापसाचे पुंजके त्याच्या पाठीवर पडून घोंगडी पेटत होती. मी आणि अजून एकाने त्याला पाय धरून ओढलं. त्याच्या पाठीची कातडी घोंगडीबरोबर निघून आली. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. गुन्हा घडला की जे पाऊल जवळ सापडेल त्यावर टोपली पालथी घालायची, म्हणजे वारा, ढोरं, माणसं ते मोडत नाहीत; मग माग काढणारा येतो आणि त्या पावलावरून पुढे चालत जातो. माग ज्या दारात थांबेल, तिथे गुन्हेगार. पोलीस नंतर येत, कायदा त्याहून नंतर. गावचा निकाल टोपलीनेच लागायचा. त्या पहाटे बाबांनी, ते पाटील होते, कोतवालाला ओरडून सांगितलं, "पाऊल झाक आधी!" आणि त्याने धुरात चाचपत, धुऱ्याच्या अंगाला उमटलेल्या एका पावलावर टोपली घातली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. त्याने नीट पाहिलंही नाही. मग त्याला फौजदाराला बोलवायला घाटंजीला पिटाळलं आणि बाबा मला म्हणाले, "देवराव, तू इथंच बस. कोनाले हात लावू देऊ नको." बाकीचे विहिरीकडे पाण्याला धावले. मी टोपलीपाशी एकटा उरलो.

उजाडलं तसं मी टोपली उचलून पाहिली. कुतूहल, दुसरं काही नाही. खाली उजव्या पायाचा ठसा होता. स्वच्छ, आणि त्याला अंगठा नव्हता. लहानपणी बंडीच्या चाकाखाली गणपतदादाचा अंगठा गेला होता. आमच्या घरच्या ओल्या सारवणात ते पाऊल मी रोज पाहत मोठा झालो होतो... मी तळहाताने तो ठसा पुसला. विचार केला असं मला म्हणता येणार नाही. हात आधी गेला. मग रिकामी टोपली हातात राहिली आणि मी भ्यालो. टोपली होती तर तिच्याखाली पाऊल हवंच. थोड्या अंतरावर पाऊलवाट होती, तिथल्या मऊ मातीत एक अनवाणी पाऊल उमटलं होतं. माझ्या ओळखीचं नव्हतं. आमच्या गावात प्रत्येकाचं पाऊल प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे अनोळखी पाऊल कोणाचंच नाही, ते कोणाच्याच दारात जाणार नाही, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी टोपली त्याच्यावर घातली आणि राखण करत बसलो.

आदल्या दिवशी घाटंजीच्या बाजारात मी थावराला गाठून सांगितलं होतं, आमच्या सरज्या बैलाचं पोट फुगलंय, सकाळी येऊन पाहून जा. तो दिवस उजाडायच्या आत आला. एरवी जाड वाहाणा घालणारा माणूस, त्या दिवशी वाहाणेचा पट्टा तुटला म्हणून अनवाणी आला. गोठ्यात कोणी नाही, सगळे आगीकडे धावलेले, म्हणून बैलाला तेल पाजून तसाच पाऊलवाटेने तांड्याकडे परतला. गंजीकडे तो फिरकलाही नव्हता. मला त्याचं येणं आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

माग काढणारा भिवाजी म्हणून होता, शेजारच्या गावचा. मोठा ऐटदार माणूस. आल्याआल्या त्याने गुळाचा चहा मागितला आणि मिशा पुसत म्हणाला, "मान्साची जबानी घ्याले फौजदार लागते पाटील, पावलाची घ्याले मी." लोक हसले. जळलेलं प्रेत तिथेच पडलं होतं आणि लोक हसले, कारण भिवाजी आला म्हणजे आता चोर सापडणार. त्याने टोपली उचलली, काडीने ठसा मोजला आणि वाटेवरून चालू लागला. मागे गाव. वाट तांड्याकडे वळली तसा जमावाचा आवाज बदलला. जन्मानेच माणसाला गुन्हेगार धरणारा एक कायदा या देशात होता आणि तो जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तो कोणत्या जमातींना लागू होता, कोणत्यांना नव्हता, याच्याशी आमच्या गावाला देणंघेणं नव्हतं. तांडा दिसला की गाव कायदा आपल्याच खिशात घेऊन चालायचं. "मी म्हनलोच होतो," मागून कोणीतरी म्हणालं. काय म्हणाला होता, कधी म्हणाला होता, कोणी विचारलं नाही.

माग थावराच्या दारात थांबला. तो बाहेर आला, ठसा पाहिला आणि लगेच म्हणाला, "व्हय, पाऊल माह्यंच हाये. मी यायच्या बैलाले पाह्याले आलतो. देवा, सांग ना, तूच तर बोलावलं मले." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "बाजारात सांगितलं होतं... खरं हाय." बाबा म्हणाले, "सांगितलं सकाळी ये मनून. हा अंधारात आला कायले?" पुढे मी बोललो नाही. माझ्यामागे गणपतदादा उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

त्याला फरफटत चावडीवर आणलं. तांड्याचे नायक पागोटं काढून बाबांच्या पायाशी वाकले, "पाटील, फौजदाराले येऊ द्या, कोरटात जाऊ द्या, काय व्हाचं ते व्हऊ द्या." त्यांना कोणीतरी लाथ मारली. थावरावर प्रथम जोडे पडले, मग काठ्या. तोंडातून रक्ताबरोबर एक दात पडला, तो एकाने पायाने दूर उडवला. भिवाजी म्हणाला, पाय पुन्हा एकदा मोजून घेऊ, म्हणजे फौजदारापुढे पक्कं. बाबा मला म्हणाले, "धर त्याचा पाय." मी चावडीच्या पायरीवर त्याचा उजवा पाय ठेवला आणि घोटा दोन्ही हातांनी दाबून धरला. थावरा माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटलं असावं, देवाने धरलाय, म्हणजे निदान पाय तरी सुखरूप. भिवाजीची काडी बाजूला झाली आणि गणपतदादा पुढे आला. त्याच्या हातात सब्बल, लोखंडी पहार होती. "याच पायानं आला ना?" एवढंच तो बोलला. एकदा, दोनदा. हाडं मोडली ती माझ्या हातांना कळली, कानांच्या आधी. मी घोटा सोडला नव्हता. रक्त माझ्या मनगटावर उडालं. थावरा ओरडला ते "याडी" म्हणून, आईच्या नावाने, आणि मग नुसता आवाज.

दुपारी फौजदार आला. त्याने पायाकडे पाहिलं, आणि गावाला काही न विचारता थावराला बंडीत घालून नेलं. पुढचं मला त्याच्याच तोंडून कळलं. कोठडीत त्याच तुटक्या पायाच्या तळव्यावर पट्टा मारायचे. चौथ्या का पाचव्या दिवशी त्याने कबूल केलं. "काय कबूल केलं?" मी विचारलं होतं. "ते मनतील ते. गंजी मनले, गंजी. म्हातारा मनले, म्हातारा. अजून एखादा खून असता तं तोही करून टाकला असता."

यवतमाळच्या कोर्टात त्याच्या बाजूने एक तरुण वकील उभा राहिला. फीची अपेक्षा न ठेवता आलेला, राज्यघटनेतले शब्द नुकतेच पाठ झाल्यासारखा तळमळीने बोलणारा. पोलिसांपुढची कबुली कोर्ट मानत नाही, म्हणाला. मग कोतवालाला विचारलं, टोपली नेमकी कुठे होती. तो गोंधळला, आधी धुरा म्हणाला, मग वाट म्हणाला. मग मला पिंजऱ्यात बोलावलं. शपथ घेतली. "तुम्ही राखणीला होता. टोपली हलली होती का?" समोर थावरा कुबडीवर उभा होता, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. मागच्या बाकावर गणपतदादा. मी म्हणालो, "नाही." वकिलाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अजून एक प्रश्न विचारला असता तर मी कोसळलो असतो. त्याने विचारला नाही.

थावरा सुटला. नुसत्या पावलावरून खून शाबीत होत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. बाहेर वडाखाली वकिलाने त्याला समजावलं, तुला संशयाचा फायदा मिळाला. थावराने ते शब्द दोनदा मनात फिरवले आणि मला म्हणाला, "मंजे संशय राह्यलाच ना, देवा? फायदा कोनाले भेटला मंग?" मी एसटीची चौकशी करायला गेलो.

मला वाटलं होतं, तो गावावर चिडेल, माझ्यावर चिडेल. तसं झालं असतं तर मला जगणं सोपं गेलं असतं. झालं भलतंच. तो स्वतःवरच शंका घेऊ लागला. पाऊल त्याचं होतं हे त्याला मान्य. टोपली गुन्ह्याच्या जागी घालतात हेही त्याला ठाऊक. गावात कोणाला ठाऊक नव्हतं? मग गंजीजवळ आपण गेलोच नाही, तर आपलं पाऊल टोपलीखाली आलं कसं? टोपली खोटी असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नाही, कारण ती मी राखली होती. तो लंगडत त्या वाटेवर जायचा. गोठ्यापासून तांड्यापर्यंत चालायचा, थांबायचा, मागे वळून आपली पावलं पाहायचा. एक सरळ, एक वाकडं, बोटं आत दुमडलेलं. पुढे ती त्याची सवयच झाली. मऊ मातीत चार पावलं टाकली की मागे पाहणं. पोरंटोरं नक्कल करायची. तोही हसायचा, "पाहून राह्यलो बाबू, मी कुठी कुठी जातो ते. माह्यं मलेच नाई सांगत."

एकदा घाटंजीच्या बाजारात पाकीट मारल्याच्या संशयावरून लोकांनी तांड्यातल्या एका जवान माणसाला धरलं. बघता बघता पन्नासेक जण जमले. वजनाचे दगड, जोडे, कोणी तराजूच्या दांडीने मारत होतं. त्याचा एक डोळा बंद झाला होता. थावरा कुबडी टाकून त्या गर्दीत घुसला आणि त्या माणसावर आडवा पडला. "पह्यले हे इचारा का पाह्यलं कोनं!" तो खालून ओरडत होता. "कोनं पाह्यलं? कोनं?" त्याचं डोकं फुटलं. मी पानठेल्यापाशी होतो. त्या दिवशी मात्र मी गेलो. दोन काठ्या पाठीवर घेतल्या, त्याला बाहेर ओढलं. नळाखाली रक्त धुताना तो हसत म्हणाला, "देवा, तू नसता तं आज गेलतो मी." मी नळ सोडून तोंड फिरवलं. त्याला वाटलं, रक्त पाहून.

पुढे न्याय पंचायती आल्या आणि गावाने मला पंच निवडलं. पाटलाचा मुलगा, कमी बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. थावरा पेढा घेऊन आला. "आता बरं झालं. तुह्यासारखा मानूस पाह्यजे तिथं." हल्ली वर्तमानपत्रांतून विद्वान मंडळी वाद घालतात, गावाच्या हाती न्याय द्यावा की काढून घ्यावा, कोर्ट दूर आहे म्हणून वाईट की दूर आहे म्हणून बरं. मी ते वाचतो. मला दोन्हीतलं थोडं ठाऊक आहे. गावाने थावराचा पाय मोडला, कोर्टाने त्याला सोडलं, आणि दोन्हीकडे खरं ठाऊक असलेला माणूस हजर होता. तो गप्प बसला तर चावडी काय आणि कोर्ट काय... याहून अधिक मला त्या वादात घालता येत नाही.

गणपतदादा आणि मी या गोष्टीवर कधी बोललो नाही. चावडीवरच्या त्या दिवशी संध्याकाळी मी जेवायला बसलो होतो; तो चुलीपाशी गेला आणि आपल्या हाताने एक भाकर माझ्या ताटात ठेवून निघून गेला. आयुष्यात त्याने मला तेवढं एकदाच वाढलं. मी ती खाल्ली. दादा अजून आहे. हे तो वाचेल. रविवारची पुरवणी आमच्या घरात आधी त्याच्याच हाती पडते.

थावराची जखम दर पावसाळ्यात उघडायची. हाडाचा एखादा कण पुवाबरोबर बाहेर यायचा; तो दाखवायचा, "हे पाह्य, कोरटाचा निकाल येऊन राह्यला हप्त्याहप्त्यानं." या वर्षी पाय काळा पडला. त्याला दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. खाटेवर होता, अंगात ताप, खोलीत सडका वास. त्याची बायको हेमली पाणी आणायला गेली तसं त्याने माझं मनगट धरलं. "देवा, तुले खोटं बोलता येत नाई मनून इचारतो. मी झोपीत उठून गेलतो का रे तिकडं? म्याच मारलं का कोंडबाले? मले आता तसं दिसून राह्यलं... हातात काठी दिसते." त्याच्या डोळ्यांत खरंच भीती होती, मरणाची नाही, स्वतःची. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे आता ते. झोप तू." एवढंच. तो झोपला नाही, नुसते डोळे मिटले.

ज्याचा पाय मी मोडायला धरला, त्याला मरताना मी खुनीही होऊ दिलं.

परवा मी तांड्यात गेलो. हेमली ओसरीवर बसली होती. सगळी ओसरी जुनी, भेगाळलेली. दोनेक महिने सारवण झालेलं नाही. कोपऱ्यात दाराजवळ एक टोपली पालथी घातलेली, तिच्यावर दगड. माझी नजर तिथे गेलेली तिने पाहिली. "नेलं त्या दिवशी सकाळीच सारवलं होतं मी," ती म्हणाली. "मनलं, धरून नेतो, तं ऐकलं नाई. आपल्या पायानं बंडीत बसला. वल्यात एक पाऊल पडलं त्याचं. कोंबड्या मोडतीन मनून झाकून ठेवलं. पाह्य ना देवाभाऊ, उचलून पाह्य. तसंच हाये, वाकडं." मी वाकलो. दगड काढला. टोपलीच्या कडेला बोटं लावली... आणि तिथेच थांबलो. ती माझ्या उचलण्याची वाट पाहत होती. मी दगड पुन्हा ठेवला आणि उठलो. "नाई पाह्यवत ना?" ती म्हणाली. "तुमचा लई जीव होता त्याच्यावर."

हे छापून येईल, पण हेमलीला वाचता येत नाही. थावरा त्या पहाटे गंजीकडे गेलाच नव्हता, टोपली मी हलवली, हे मला तिच्यासमोर, तिच्या तांड्यासमोर बसून तोंडाने सांगायचं आहे. आणि कोंडबाला कोणी मारलं, ते यवतमाळच्या कोर्टात, ज्या पिंजऱ्यात मी 'नाही' म्हणालो तिथे उभं राहून. दोन्ही अजून माझ्याकडे बाकी आहे.